तंबोरा आणि ट्रक

शरदाच्या सुट्टीनंतर आपला वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा आमच्या दोन्ही मुलांकडे वह्या नव्हत्या. "कुठे आहेत?" असं बाईंनी विचारल्यावर धाकट्याने खरं तेच सांगितलं, "सत्तावीस नंबरच्या खोक्यात." सगळा वर्ग हसला आणि आम्ही घर बदलल्याची बातमी घरोघरी पोचली. तेव्हापासून निदान चार घरांतून आम्हाला फोन आले आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: "सामान हलवायला कोणाला बोलावलं होतं? माणसं भरवशाची होती का?" दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा आपल्या अंकात एकदाच लिहून काढा, असं संपादिकाबाई म्हणाल्या. त्यांना नाही म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आधीच सांगून ठेवतो, या लेखात कुठल्याही कंपनीचं नाव नाही. चांगल्या कंपनीचं नाव छापलं तर जाहिरात होते आणि वाईट कंपनीचं छापलं तर भांडण. शिवाय आमचं सामान नीट पोचलं म्हणून तुमचंही पोचेलच, याची हमी आम्ही कशी देणार? माणूस कसा पारखला, एवढंच सांगता येईल. ते सांगायचं तर आधी तो कसा पारखला नव्हता, इथून सुरुवात करायला हवी.

मुलांनो, आपलं हे गाव मुळात बिऱ्हाड हलवून आलेल्यांचंच आहे. १ जुलै १९३८ रोजी मोटारीच्या कारखान्यासाठी म्हणून ते वसवलं गेलं. तेव्हा त्याला स्वतःचं धड नावसुद्धा नव्हतं, 'फालर्सलेबेनजवळचं मोटारीचं शहर' अशा अर्थाचं एक लांबलचक नाव होतं. युद्ध संपल्यावर, २५ मे १९४५ रोजी, जवळच्या जुन्या गढीवरून त्याचं नाव वोल्फ्सबुर्ग ठेवलं. मग पूर्वेकडून घरदार सोडून निघालेली जर्मन माणसं आली आणि १९६२ पासून इटलीतून कामगार आले. पुढे २००९ मध्ये पुण्याजवळ चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला आणि पुण्याहून इकडे, इकडून पुण्याला अशी आपल्या लोकांचीही ये-जा वाढली. "आमचे आजोबा इथेच जन्मले" असं म्हणणारा माणूस इथे शोधावाच लागतो. आपल्याकडे म्हण आहे ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. फक्त विंचवाला सोफा, धुलाईयंत्र आणि भांड्यांची बारा खोकी नसतात.

आमच्या पाठीवर या सगळ्याशिवाय एक तंबोरा होता.

तो मिरजेच्या आजीचा. आजी म्हणजे मुलांची आजी, आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. मिरजेत तलवारी-भाले घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ते गाव वाद्यांसाठी ओळखलं जातं. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांत यासाठी खास भोपळे पिकवतात. ते कडू असतात, जाड सालीचे, आणि चांगले वाळले की लाकडासारखे टणक होतात. आजीचा तंबोरा बायकी मापाचा, आपल्या धाकट्या मुलांपेक्षा थोडा उंच. लग्नाआधी ती गाणं शिकायची तेव्हा तिच्या वडिलांनी तो करून घेतला होता. आमची थोरली सहा वर्षांची झाली तेव्हा आजीने तो इकडे पाठवला. "मुलीच्या कानावर सूर पडू दे," एवढंच म्हणाली.

आता पहिल्या घरबदलाची गोष्ट. ही २०१६ सालची. आम्ही वेस्टहागेनच्या एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचो आणि डेटमेरोडेला जाणार होतो. अंतर इतकं कमी की सामान ढकलत नेलं तरी चालेल, असं आम्हाला वाटायचं. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. वोल्फ्सबुर्गमध्ये राहून गाडी नसलेलं बहुधा आमचं एकच घर असेल.

किराणा दुकानाच्या दाराशी सूचनाफलक असतो, तिथे एक चिठ्ठी लावलेली होती: घरबदल, स्वस्त, झटपट. खाली फोन नंबराच्या कात्रणांची झालर. आम्ही एक कात्रण फाडून आणलं. फोनवर पलीकडच्याने विचारलं, "किती खोल्या?" आम्ही म्हटलं, "तीन." तो म्हणाला, "चारशे युरो." झाला सौदा. त्याने घर पाहिलं नाही, आम्ही त्याचं नाव विचारलं नाही. आम्हाला तर वाटलं, काय सरळ माणूस आहे! बाकीच्या कंपन्या उगाच घर बघायला येतो, यादी करतो, असं लांबण लावत होत्या.

ठरलेल्या दिवशी दोन माणसं एक छोटी व्हॅन घेऊन आली. अर्धं सामान भरून झाल्यावर त्यातला मोठा म्हणाला, "सामान सांगितल्यापेक्षा जास्त आहे. दुसरी फेरी करावी लागेल. अजून साडेतीनशे, रोख. नाहीतर आम्ही निघालो." आम्ही म्हटलं, सांगितल्यापेक्षा म्हणजे काय? आम्ही कुठे काय सांगितलं होतं? आणि खरंच, आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. गादी, देव, मुलांची दप्तरं असं सगळं त्याच्या व्हॅनमध्ये होतं आणि आम्ही रस्त्यावर. आमच्यापैकी एकजण बँकेच्या यंत्रापाशी पळत गेला आणि पैसे घेऊन आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आम्ही लहानपणापासून वापरत होतो, तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

संध्याकाळी त्याने एक कागद पुढे केला. 'सर्व सामान सुस्थितीत मिळाले.' आम्ही दमलो होतो, मुलं भुकेली होती. सही केली.

तंबोरा गवसणीत होता, तो तसाच झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिला. तीन आठवड्यांनी खोकी संपली तेव्हा गवसणी काढली. भोपळ्याला हातभर तडा गेला होता. नंतर आठवलं, व्हॅनमध्ये तंबोरा आडवा खाली होता आणि त्याच्यावर पुस्तकांचं खोकं. सरस्वतीच सरस्वतीवर बसली म्हणायचं.

त्या चिठ्ठीवरचा नंबर लागेना. पावती नव्हती, पत्ता नव्हता, नाव नव्हतं. पुढे एका जर्मन शेजाऱ्याने समजावून सांगितलं तेव्हा कळलं की नंबर लागला असता तरी उपयोग नव्हता. इथल्या व्यापारी कायद्यात घरसामानाच्या वाहतुकीसाठी वेगळी कलमं आहेत. डोळ्यांना दिसेल असं नुकसान सामान मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कळवावं लागतं, आणि चटकन न दिसणारं, म्हणजे खोक्यात किंवा गवसणीत दडलेलं, १४ दिवसांच्या आत. आम्ही तंबोरा एकवीस दिवसांनी उघडला. दोष त्या माणसाचा होताच, पण हे एकवीस दिवस आमचे होते.

आजीला आम्ही काही सांगितलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा आणि ती विचारायची, "तंबोरा लावता का रे?" आम्ही म्हणायचो, "लावतो की." असं जवळजवळ वर्षभर चाललं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आम्ही इतके तरबेज झालो होतो! शेवटी एका रविवारी थोरलीनेच फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, तंबोरा फुटलाय. आईबाबा सांगत नाहीयेत." फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आजीने विचारलं, "तडा तबलीला आहे की भोपळ्याला?" थोरली म्हणाली, "भोपळ्याला." आजी म्हणाली, "मग सांधता येईल. घेऊन या."

२०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही तो मिरजेला नेला. तिथल्या कारागिराने आतून पट्ट्या चिकटवून भोपळा सांधला, वरून रंग दिला. नीट पाहिलं तर कोरीव पानांच्या खालून जाणारी रेघ आजही दिसते. आजीने तारा जुळवल्या, जवारीचा दोरा सरकवून पाहिला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "खर्ज थोडा दबलाय. चालेल." २०२१ मध्ये आजी गेली. तंबोरा आमच्याकडे आहे.

म्हणून २०२४ मध्ये डेटमेरोडेहून फालर्सलेबेनला जायचं ठरलं तेव्हा दुधाने तोंड पोळलेले आम्ही ताकसुद्धा फुंकून प्यायला बसलो.

पहिली अडचण मात्र कंपनीची नव्हती, पंचांगाची होती. नवं घर सप्टेंबरच्या मध्यापासून मिळत होतं. पुण्याहून फोन आला, "पितृपक्षात घर बदलू नका हं." त्या वर्षी पितृपक्ष २ ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्येला संपत होता. ३ ऑक्टोबरला घटस्थापना, आणि तोच जर्मन एकीकरणाचा सुट्टीचा दिवस. म्हणून शुक्रवार, ४ ऑक्टोबर ठरला. आम्ही मुहूर्त वगैरे फारसे मानत नाही, पण यात एक फायदा निघाला. महिन्याची अखेर आणि पहिली तारीख या दिवसांत इथे सगळं गाव घरं बदलत असतं, त्यामुळे कंपन्यांकडे माणसं नसतात आणि भाव चढलेले असतात. चार तारखेला तशी गर्दी नव्हती. दोन्ही घरांचं भाडं काही दिवस भरावं लागलं, ते सोसलं.

मग कंपन्या शोधल्या. या वेळी सूचनाफलकावरून नाही. वरच्या मजल्यावरच्या इटालियन आजीबाई, कारखान्यातले दोन सहकारी आणि मुलीच्या शाळेतल्या एका शिक्षिका यांना विचारलं. प्रश्नही बदलला. "कोण चांगलं?" असं न विचारता "तुमचं काही फुटलं का, आणि फुटल्यावर ते काय म्हणाले?" असं विचारलं. या प्रश्नाला लोक फार खरं उत्तर देतात. अशी तीन नावं निघाली.

पहिल्या कंपनीने फोनवर फक्त पिनकोड आणि खोल्यांची संख्या विचारली आणि लगेच आकडा सांगितला. तो बाकी दोघांच्या जवळजवळ निम्मा होता. आमच्यापैकी एकाचे डोळे चमकले, दुसऱ्याने नुसतं तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांना म्हटलं, घर बघून जा. ते म्हणाले, गरज नाही. आम्हीही म्हटलं, मग गरज नाही.

दुसऱ्या कंपनीचे गृहस्थ आले, सूटबूट घालून. त्यांनी बैठकीची खोली पाहिली, कॉफी घेतली आणि गेले. तळघरात डोकावले नाहीत. आमच्या तळघरात सायकली, गणपतीचं मखर, दोन जुन्या ट्रंका आणि तांदळाची पोती होती! त्यांचा कागद आला त्यावर किंमत होती 'अंदाजे', आणि खाली बारीक अक्षरांत, जास्त वेळ लागल्यास तासाप्रमाणे. 'अंदाजे' या शब्दाची आम्हाला आता धास्ती वाटते.

तिसऱ्या कंपनीचा माणूस कामाच्या कपड्यांत आला. त्याने प्रत्येक खोली, तळघर, माळा पाहिला. कपाटं उघडून पाहिली, तीही विचारून. स्वयंपाकघर तुमचं की घरमालकाचं, हे विचारलं, कारण इथे भाडेकरू ओटा आणि कपाटंसुद्धा उपटून बरोबर नेतात. नव्या घराचा जिना किती रुंद, ट्रक दारापर्यंत येतो का, हे विचारलं. सगळं लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "साधारण तीस घनमीटर." दोन दिवसांनी कागद आला: सामानाची यादी, एक ठरलेली पक्की किंमत, त्यात काय धरलंय आणि काय नाही. पूर्ण पत्ता, नोंदणी क्रमांक, विम्याचा तपशील. कागदाच्या कोपऱ्यात लाल कांगारू होतं. मुलांना ते फार आवडलं. ते इथल्या घरसामान वाहतूकदारांच्या संघटनेचं चिन्ह आहे. पोटाच्या पिशवीत पिल्लू सांभाळून नेणारा प्राणी, म्हणून ते निवडलं असावं असं धाकट्याचं म्हणणं आहे. कांगारू नसलेल्या कंपन्याही चांगल्या असतात आणि चित्र काय, कोणीही छापेल, म्हणून आम्ही ते संघटनेच्या यादीत ताडून पाहिलं.

किंमत पक्की आणि लेखी असण्याला आम्ही एवढं महत्त्व का देतो, ते सांगतो. ठरलेले पैसे मिळेपर्यंत सामान अडवून ठेवायचा हक्क इथला कायदा वाहतूकदाराला देतो. हे ऐकून आम्ही आधी चिडलो, पण विचार केला तर त्याचंही बरोबर आहे, त्याची मजुरी बुडू नये. मात्र हक्क आहे तो ठरलेल्या पैशांपुरता. काय ठरलं हेच कागदावर नसेल तर रस्त्यावर उभं राहून कोणाशी वाद घालणार? २०१६ मध्ये आमचं नेमकं तेच झालं होतं.

तसंच विम्याचं. साडेतीन टनांपेक्षा जड गाडीतून दुसऱ्याचा माल धंदा म्हणून न्यायचा तर परवाना लागतो आणि मालाच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा आहे. कायद्याने कंपनीची जबाबदारी दर घनमीटरला ६२० युरोपर्यंत असते. तीस घनमीटर सामान म्हणजे १८,६०० युरो झाले. आकडा मोठा वाटतो, पण पैसे मिळतात ते वस्तूच्या त्या दिवशीच्या किमतीइतके. दहा वर्षांपूर्वीचा सोफा नवा घेताना कितीला घेतला होता, याला अर्थ नाही. आणि काही गोष्टींची जबाबदारी कंपनीवर येतच नाही असं कायदा म्हणतो: रोख पैसे, दागिने, कागदपत्रं, झाडं, आणि आपण स्वतः नीट न बांधलेलं सामान. म्हणून पासपोर्ट, मंगळसूत्र आणि मुलांच्या जन्मपत्रिका आमच्या पिशवीत राहिल्या, आणि तुळस थोरलीच्या मांडीवर.

आता तंबोऱ्याची किंमत काय लिहायची? त्या माणसाने विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सांधलेला भोपळा, साठ वर्षांचं लाकूड. बाजारात त्याचे काय येणार? मिरजेला फोन करून नव्या तंबोऱ्याचा लेखी भाव मागवावा आणि तेवढ्याचा जादा विमा घ्यावा, असं एक मत पडलं. आम्ही गवसणी काढून त्याला तंबोरा दाखवला. त्याने विचारलं, "ही रेघ कसली?" आम्ही पहिल्या वेळची सगळी गोष्ट सांगितली. तो खाली बसला, बोटाने भोपळा हलकेच वाजवून पाहिला आणि म्हणाला, "हे मी नेणार नाही. माझी माणसं चांगली आहेत, पण त्यांनी असलं काही कधी उचललेलं नाही. कुठे धरायचं ते त्यांना कळणार नाही आणि विमा तुम्हाला हेच परत आणून देणार नाही. तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवा, पट्टा लावा."

कागद त्यानंतर दोन दिवसांनी आला, पण आमचं त्याच संध्याकाळी ठरलं होतं. त्याचा भाव तिघांत सर्वांत जास्त होता, हेही सांगायला हवं.

सही करण्याआधी एक शनिवार साधून आम्ही कंपनीच्या आवारात चक्कर मारून आलो. ट्रकवर नाव रंगवलेलं होतं, कागदावर होतं तेच. जाड घोंगड्या घड्या घालून रचलेल्या होत्या. पुण्यात आमच्या लहानपणी घर बदलायचं म्हणजे नाक्यावरच्या टेम्पोवाल्याशी घासाघीस करायची. तिथे कसला कागद आणि कसला विमा! पण तो टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर उभा असायचा. आरसा फुटला तर वडील जाऊन त्याला चार शब्द सुनावू शकत, आणि तोही "काका, पुढच्या खेपेला दोनशे कमी घेतो" म्हणायचा. परक्या गावात आपल्याला नाका नसतो. मग पत्ता, रंगवलेला ट्रक आणि आवारातली घोंगडी यांतच नाका शोधायचा.

घरबदलाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. रस्त्यावर ट्रकसाठी जागा राखून ठेवायची तर शहराची परवानगी घेऊन तात्पुरत्या नो-पार्किंगच्या पाट्या निदान तीन पूर्ण दिवस आधी लावाव्या लागतात. ते काम कंपनीने केलं. तरीही सकाळी तिथे एक गाडी उभी होतीच. इटालियन आजीबाईंनी गॅलरीतून तिच्या मालकाला अशी हाक मारली की पोलिसांची गरजच पडली नाही.

खरी गंमत खोक्यांवरून झाली. आदल्या आठवड्यात थोरलीने हौसेने प्रत्येक खोक्यावर मराठीत लिहिलं होतं: स्वयंपाकघर, देवघर, पुस्तकं, हिवाळ्याचे कपडे. अक्षर इतकं सुरेख की बाईंनी पाहिलं असतं तर दहापैकी दहा दिले असते. ट्रकवरची चार माणसं त्या खोक्यांकडे बघत राहिली. पोलंडहून आलेला त्यांचा मुकादम म्हणाला, "छान आहे, पण कुठल्या खोलीत ठेवू?" मग थोरलीने घाईघाईने आकडे टाकले आणि खोलीगणिक रंगीत कागद चिकटवले. तरी दुपारपर्यंत मुकादमाला एक शब्द ओळखता येऊ लागला होता. ज्या खोक्यावर 'पुस्तकं' असेल ते तो दुसऱ्या माणसाकडे सरकवायचा.

मसाल्याचं खोकं आम्ही स्वतः बांधलं होतं, तेही गडबडीत. गोड्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उडालं. ट्रकचं दार उघडलं तेव्हा चौघंही शिंकत बाहेर आले. ते नुकसान अर्थातच आमचं आम्हीच सोसलं. हिवाळ्याचे कपडे त्याच्या शेजारीच होते. जानेवारीत ट्रॅममध्ये किंवा बसमध्ये कोणाच्या कोटाला गोड्या मसाल्याचा वास आला असेल तर ते आम्हीच. ट्रॅम वोल्फ्सबुर्गमध्ये नाही, ती ब्राउनश्वाइगची.

संध्याकाळी पुन्हा तोच कागद पुढे आला, सामान मिळाल्याचा. या वेळी आम्ही मुलांना पिझ्झा आणून दिला आणि शांतपणे घरभर फिरलो. लाकडी कपाटाच्या बाजूला बोटभर ओरखडा होता. आम्ही काही म्हणायच्या आत मुकादमच म्हणाला, "हा जिन्यात लागला, आमच्याकडून," आणि त्याने स्वतः तो कागदावर लिहिला. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन मेण भरून गेला. ओरखडा आहे त्या जागी आता हात फिरवला तरच कळतो.

तंबोरा आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आला. ज्याची जागा गेली तो बसने आला.

आणखी दोन गोष्टी पालकांसाठी, विसरायच्या आत. नव्या घरी आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते किल्ल्या घेतानाच मागून घ्या, नंतर मालक गावाला जातात. आणि टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज आधीच करून ठेवा. आम्ही उशीर केला आणि आपल्या वर्गाचा मागचा अंक डेटमेरोडेच्या पेटीत आठवडाभर पडून राहिला.

१२ ऑक्टोबरला, शनिवारी, दसरा होता. बैठकीच्या खोलीत माणसापेक्षा खोकी जास्त होती. त्यातलीच दोन पालथी घालून वर शाल पसरली आणि पाटीपूजन केलं. पाटीवर सरस्वती धाकट्याने काढली, तिला एक हात कमी पडला. तंबोरा समोर ठेवला. थोरलीने तो जुळवायला घेतला. खुंट्या घट्ट झाल्या होत्या, पंचम काही केल्या लागेना. शेवटी लागला. मग ती आणि तंबोरा अशी दहा-बारा मिनिटं नुसता षड्ज. खर्ज अजून दबलेलाच आहे.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. आम्ही दचकलो. इथे आवाजावरून शेजारी किती लवकर येतात ते ठाऊक आहे, आणि आम्हाला येऊन पुरते आठ दिवस झाले नव्हते की! दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, हातात पाव आणि मिठाची पुडी घेऊन. नव्या घरी आलेल्यांना इथे तसं देतात. त्यांनी आत डोकावून विचारलं, "ते गुणगुणणारं काय होतं?" धाकट्याने त्यांना हाताला धरून आत नेलं, तंबोरा दाखवला आणि भोपळ्यावरची रेघही दाखवली. आम्ही त्यांना आपट्याचं पान म्हणून बागेतलं एक पिवळं पान दिलं आणि ते सोनं आहे असं सांगितलं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं.

दोन खोकी अजून उघडायची राहिली आहेत. त्यातल्या एकावर धाकट्याच्या अक्षरात लिहिलंय, 'काहीतरी'.